वारा कुणाकडे फिरला

मोहाच्या फुलांचा वास किती गोड असतो, असं म्हणणारी माणसं मोहाच्या झाडाखाली कधी वाकलेली नसतात, असं माझं ठाम मत आहे. वास गोड असतो, नाही असं नाही. पण पहाटेपासून कंबर मोडेस्तोवर फुलं वेचली की तो वास नाकातून डोक्यात चढतो, ओढणीत बसतो, आणि दुपारी भाताच्या घासालाही तोच लागतो. परवा बालाघाटच्या बाजारात एक बाई पोत्याचं तोंड उघडून बसली होती. आत वाळलेला, तांबूस झालेला मोह होता. मी वांगी घ्यायला गेले होते, ती न घेताच घरी आले. नातवानं विचारलं, "दादी, थैली खाली क्यों?" त्याला काय सांगणार! म्हटलं, वांगी किडकी होती.

चैत आला की माझं असं होतं. लोकांना उन्हाचा त्रास होतो, मला धुराचा होतो. गल्लीत कुणी झाडलोट करून पानांचा ढीग पेटवला की मी खिडकीतून ओरडते. शेजारी म्हणतात, मास्तरीण बाई म्हातारपणी तापट झाल्या. तापट मी आधीपासूनच आहे. धुराचं कारण वेगळं आहे, आणि ते मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही.

मी सातवीत असेन तेव्हा. आमचं गाव मध्य प्रदेशात, किरनापूरच्या रस्त्यापासून बरंच आत, जंगलाच्या कडेला. बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. शनिवारी संध्याकाळी सायकलवर घरी येत आणि सोमवारी कोंबडा आरवायच्या आत परत जात. त्यांच्या नखांतली काळी धूळ रविवारच्या आंघोळीनंही निघत नसे. घर, धानाच्या दोन बांध्या म्हणजे खाचरं, एक म्हैस आणि आम्ही दोघी बहिणी, हे सगळं माय एकटी सांभाळी. मायचं माहेर भंडाऱ्याकडचं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी, अशी आमची बोलायची तऱ्हा होती. देवाशी मात्र सगळे मराठीतच बोलत.

आमच्याकडे मोहाचं प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं असतं. झाड जंगलात असो की वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फुलं वेचायचा हक्क घराण्याचा, आणि त्यावरून भांडणंही व्हायची. आमचं झाड धुऱ्यावर होतं, पलीकडे लगेच जंगल सुरू. फुलं पहाटे टपटप गळतात. पण त्याच दिवसांत पानगळही असते, आणि सुक्या पानांच्या थरात पडलेलं फूल शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. म्हणून फुलं वेचून झाली की झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबूनही दिसतात. सगळे असंच करत. याचे नियम होते. आधी झाडाभोवती हातभर रुंद पट्टा झाडून मोकळा करायचा, मग काडी लावायची. वारा उठायच्या आत लावायची. हातात ओली डहाळी घेऊन उभं राहायचं आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. हे नियम आमच्या गावात कुणी कुणाला शिकवत नसे, चालायला शिकावं तसे ते येत.

माझी माय सगळ्या गोष्टी देवावर टाकायची. "तो आहे पाहणारा," हे तिचं पालुपद. म्हैस दोन दिवस घरी आली नाही, तो आहे पाहणारा. बाबा खाणीत उतरायचे, तो आहे पाहणारा. धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला, तरी तोच. मला या वाक्याचा फार राग यायचा. गणितात मी नापास झाले तेव्हाही तो पाहतच होता का, असं मी एकदा विचारलं, तर पाठीत धपाटा बसला. तो धपाटा मात्र मायनं देवावर सोडला नाही, स्वतःच्या हातानं दिला.

त्या चैतात माझी थोरली बहीण बाळंतपणाला घरी आली होती. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, ती माझी सुमनबाई. पहिलटकरीण. दोन दिवस आणि एक रात्र कळा काढून मुलगा झाला, आणि नंतर तिचं अंगावरून जे जाऊ लागलं ते थांबेना. दाईनं पोट बांधलं, काढे दिले, तिसऱ्या दिवशी कुठं ते आटोक्यात आलं. पण बाई पांढरीफटक पडली. तिला मान उचलवत नव्हती. दाईनं जाताना बजावलं होतं, "हालवू नका हिले. हालवली त पुन्हा सुरू होईन, अन् मंग माह्या हातात काही नाही." घराच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, तिच्यात बाईची बाज टाकली होती. बाज कसली, खोलीतच ठोकून खोलीतच विणलेली, दारातून बाहेर निघायची नाही अशी रुंद.

बाळाचा पाचवा दिवस उजाडला. पाचवीला सटवी येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. म्हणून तिच्यासाठी उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. मायनं कागद माझ्या वहीतून फाडून घेतला आणि पेनही माझंच ठेवलं. मला त्या पूजेचं भारी अप्रूप होतं. सटवीचं अक्षर कसं असेल, ती मराठीत लिहील की हिंदीत, असे प्रश्न मला पडले होते. बाळाला अजून मी नीट मांडीवरही घेतलं नव्हतं. माय म्हणाली, "मोह वेचून आण, आंघोळ कर, मंग घे." तीन दिवस बाईच्या धावपळीत झाडाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मी टोपली घेतली आणि पळाले.

झाडाखाली पोचले तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. बाकीच्या बाया वेचून घरी गेल्या होत्या. तीन दिवसांची फुलं आणि तीन दिवसांचा पाचोळा, एकात एक मिसळलेला. मी वेचत गेले, वेचता वेचता रडकुंडीला आले. अर्धी फुलं कुजलेली, मुंग्या लागलेली. उद्या पुन्हा हेच नशिबी येणार होतं. तेव्हा मी ठरवलं, जाळूनच टाकू. काड्यांची पेटी परकराच्या ओच्यात होती. पट्टा झाडायला खराटा आणला नव्हता. वारा अजून पडलेला होता, निदान मला तसं वाटलं. मी काडी लावली. पाचोळा फुरफुरत पेटला, वर्तुळासारखा पसरला, मग एका बाजूनं बसत आला. थोडी धग उरली. मी डहाळीनं दोन-चार फटके मारले, टोपली उचलली आणि घरी आले. आणखी अर्धी घटका थांबले असते तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

घरी येऊन आंघोळ केली आणि पूजेसाठी हळद उगाळायला बसले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "इस्तो! इस्तो लागला धुऱ्याकडं!" आमच्याकडे आगीला इस्तो म्हणतात. मी अंगणात आले. आमच्या झाडाच्या दिशेला धूर उभा होता, आणि खाली वाळलेल्या बांध्यांतून, धानाच्या उभ्या खुंटांमधून, केशरी रेघ सरकत गावाकडे येत होती. वारा उठला होता. तो नेमका तिकडून इकडे वाहत होता. माझ्या हातावर हळद होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं, आणि त्याच क्षणी मी ठरवलं की हे कुणालाही सांगायचं नाही.

जंगलाच्या बाजूनं गावातलं पहिलं घर आमचं. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, म्हशीसाठी वर्षभराचं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचलेलं होतं, दोन माणसं उंच. त्या तणसाला लागूनच बाईच्या खोलीची भिंत, आणि त्या खोलीवर गवताचं छप्पर. पुढच्या बाजूला कवेलू, म्हणजे कौलं, होती; मागच्या खोलीवर ती बाबा यंदा घालणार होते. बाजाराचा दिवस असल्यानं गावातले बहुतेक पुरुष किरनापूरला गेलेले. उरल्या बाया आणि म्हातारे. कुणी बोडीतून, म्हणजे आमच्या लहान तळ्यातून, घागरी भरून आणू लागलं, कुणी ओलं पोतं घेतलं, कुणी पळसाच्या डहाळ्या तोडल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, तणस वाचवा, तणस पेटलं की खोली गेली.

मी खोलीत धावले. माय बाजेजवळ खाली बसली होती. बाळ तिच्या मांडीवर, बाईचा हात तिच्या हातात. बाईचे डोळे उघडे होते, तिला सगळं ऐकू येत होतं.

"माय व, बाईले बाहेर काढ!"

"कशी काढू? बाज निंगत नाही. उचलली त रक्त जाईन."

"अन् इस्तो आला त?"

"तू जाय, तणसावर पाणी टाक. मी इच्यापासून हालत नाही." मायचा आवाज अगदी रोजचा होता, म्हशीला आंबोण घाल म्हणावं तसा. "तो आहे पाहणारा."

माझा तोल गेला. "कोण पाहून राह्यला? मीच पाहून राह्यली न, इस्तो येऊन राह्यला! निस्ती बसून का राह्यली?" मी मायवर तशी कधी ओरडले नव्हते. बाई पुटपुटली, "माय, बाळाले तरी हिच्याजवळ दे." मायनं एकदा बाईकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि त्याला माझ्या हातात दिलं. बाळाला मी पहिल्यांदा घेतलं ते असं. त्याच्या कपाळाला तेल होतं आणि तो गाढ झोपला होता. माय स्वतः मात्र उठली नाही. तिनं बाईच्या उशाशी पाठ टेकली आणि डोळे मिटले.

आज इतक्या वर्षांनीही मला ठरवता येत नाही, की ती श्रद्धा होती की दुसरा मार्गच नव्हता म्हणून केलेली मनाची समजूत. कदाचित या दोन गोष्टींत फार अंतर नसावं. एवढं मात्र खरं, की ती हटली नाही. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी तोवर समजत होते. त्या खोलीत बसायला किती बळ लागत होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. मी बाळाला छातीशी धरून अंगणाच्या पार टोकाला, चिंचेखाली जाऊन उभी राहिले आणि तिथून पाहत राहिले. दुसरं काही करायची सोय नव्हती.

तणसावर सगळ्यांच्या पुढे कचराबाई होती. कचराबाई आमच्या गावातली एकटी बाई, पन्नाशीची, अंगानं काटकी. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव कचरा ठेवलं होतं. कचरा कोण उचलून नेणार, यमही सोडून देईल असा हिशेब. यमानं तिला सोडलं, पण नवरा नेला आणि एक मुलगीही नेली. बोडीच्या काठाला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तिची गवताची झोपडी होती. ती ओलं पोतं घेऊन तणसाच्या पुढ्यातली जमीन झोडपत होती. लुगड्याचा काचा मारलेला, केस सुटलेले. "पाणी मागं नका टाकू व, इकडं टाका, पुढं!" ती ओरडत होती. ज्वाळा आता आमच्या कुंपणाच्या काट्यांना लागल्या होत्या. काटे तडतड फुटत होते. ठिणग्या तणसावर येऊन पडत, आणि एक म्हातारा शिडीवर चढून त्या हातानंच चिरडत होता. तणसापासून आगीला उरलं असेल दहा-पंधरा हात अंतर.

आणि वारा फिरला. आधी एक क्षण तो पडला. धूर सरळ वर गेला. मग जंगलाकडून नव्हे, रस्त्याच्या बाजूनं एक झुळूक आली, आणि तिच्या मागून दुसरी, जोराची. ज्वाळांची तोंडं वळली. आमच्या कुंपणाचे काटे जळून काळे पडले आणि आग बोडीच्या काठाकाठानं निघाली. बायांनी आनंदानं ओरडायला तोंडं उघडली असतील, तोच कुणीतरी किंचाळलं, "कचराबाई, तुह्यं घर!"

कचराबाईनं वळून पाहिलं. हातातलं पोतं तसंच होतं. सगळ्या तिकडे धावल्या, ती मात्र दोन पावलं टाकून थांबली. गवताच्या झोपडीला पेटायला असा किती वेळ लागतो! पाणी पोचायच्या आत छप्पर आत बसलं. शेळी बाहेर चरायला सोडलेली होती म्हणून वाचली. मग आग बोडीच्या ओल्या चिखलापाशी गेली आणि आपोआप विझली. माझ्या हातातलं बाळ तेव्हा जागं झालं आणि रडायला लागलं.

संध्याकाळी पाचवीची पूजा झाली. मायनं कोरा कागद उशाशी ठेवला आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. मला एकच भीती होती. सटवी जर खरंच सगळं जाणते, तर बाळाच्या कपाळावर लिहिताना ती माझंही नाव लिहून जाईल, की हिच्या हातून हे झालं. सकाळी कागद कोराच होता. बाळाचं कपाळ मी दोनदा निरखून पाहिलं. ते बाळ आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, कपाळाला भरपूर आठ्या आहेत, आणि त्या आठ्यांत काय लिहिलंय ते त्याच्या बायकोलाच ठाऊक.

बाई जगली. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला माय सांगायची, "देवानं वारा फिरवला." ती हे सांगायला लागली की मी उठून बाहेर जायची. कारण मला एक प्रश्न पडला होता आणि तो विचारायची माझी छाती नव्हती. देवानं वारा आमच्याकडून फिरवला असेल, तर तो कुणाकडे फिरवला? वाऱ्याला कुठंतरी जावंच लागतं. एकदा माय हे बोलत असताना कचराबाईच दारात उभी होती. झोपडी गेल्यापासून ती आमच्याच पडवीत राहत होती. मायला ती दिसली आणि तिची जीभ अडखळली. कचराबाई आत येऊन बसली आणि म्हणाली, "हौ न. तुह्या घरी ओली बाळंतीन, पाच दिसाचं लेकरू. माह्या घरी कोन होतं? बरं केलं त्यानं." त्यानंतर मायनं ते वाक्य तिच्यासमोर पुन्हा उच्चारलं नाही.

पुढं नोकरी लागल्यावर एकदा असंच झालं. शाळेच्या कामासाठी मला मलाजखंडला जायचं होतं आणि सकाळची बस हुकली. ती बस घाटात उलटली. चार माणसं गेली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला घेरलं, "भगवान ने बचा लिया, बहनजी!" मी विचारलं, "और जो बस में थे, उनको?" एका बाईंनी माझा चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरानंच ठेवला. मी काही त्यांना टोचायला म्हणून बोलले नव्हते. मला खरोखरच उत्तर हवं होतं, सातवीपासून हवं होतं.

आगीच्या तिसऱ्या दिवशी नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, पण आमच्या गावात त्याचा दरारा मोठा. धुऱ्यापलीकडची बरीच रोपं जळाली होती आणि आग लावणाऱ्याला तो घेऊन जाणार, असं सगळे म्हणत होते. सायकल आमच्याच अंगणात लावून तो तिथल्या दुसऱ्या बाजेवर बसला. "आग महुए के नीचे से उठी है. पेड़ किसका है?" त्यानं विचारलं. झाड आमचं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मायचा चेहरा उतरला. तिला वाटलं असेल, त्या दिवशी झाडाकडे गेली ती माझीच पोर. पण तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

कचराबाई पडवीतून उठून पुढे आली. घर जळालं ते तिचंच, म्हणून नाकेदारानं तिलाच विचारलं, "तुम बताओ बाई, नुकसान तुम्हारा हुआ. किसने लगाई?"

ती म्हणाली, "चैत है साहब. चैत में तो जंगल जलता ही है. भगवान की मर्जी."

"भगवान माचिस लेके घूमता है क्या?"

"मेरे को क्या मालूम साहब, मेरा घर जला है, मैं उसको देखूँ कि माचिस को?"

नाकेदारानं मायनं दिलेला ताकाचा पेला तोंडाला लावला, वहीत काहीतरी खरडलं आणि निघून गेला. मी कोपऱ्यात उभी होते. मनात एकच विचार होता, बरं झालं, हिला काही माहीत नाही. इतकी मी क्षुद्र होते. भीतीत माणूस क्षुद्रच होतो, हे आता म्हणता येतं.

शनिवारी बाबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी बाईच्या डोक्यावरून हात फिरवला, बाळाला पाहिलं, मग सरळ कचराबाईच्या जळक्या जागेवर जाऊन उभे राहिले. रविवारी जंगलातून बांबू आणले. पुढचे तीन-चार रविवार ते कुडाच्या भिंती बांधत राहिले, म्हणजे बांबूच्या कामट्या विणून उभा केलेला सांगाडा. त्यावर नंतर गारा थापायचा, माती, भुसा आणि शेण कालवून केलेला चिखल. पावसाच्या आत घर उभं राहायला हवं होतं. शाळेला सुट्टी लागली होती. मी रोज कचराबाईच्या हाताखाली जायला लागले. माय म्हणायची, पोरीले अक्कल आली. मला ठाऊक होतं, अक्कल नाही, दुसरंच काहीतरी आहे आणि ते मला घरात बसू देत नाही.

वैशाखातली एक सकाळ. मी पायानं गारा तुडवत होते, गोळे करून तिच्या हातात देत होते, ती कुडावर थापत होती. आसपास कुणी नव्हतं. तिच्या हातांची थाप-थाप आणि बोडीवरच्या बगळ्यांचा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. तिचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून मला धीर आला असावा.

"मावशी, इस्तो मी लावलता."

तिचे हात थांबले नाहीत. "हौ," ती म्हणाली. "बोडीवर भांडे घासत होती मी. धूर निंगाला अन् तू टोपली घेऊन पळाली. पाह्यलं मी."

माझ्या हातातला गोळा खाली पडला. "मंग नाकेदाराले काहून नाही सांगतलं?"

"तुले नेऊन तो माह्यं घर परत देनार होता का? पुढच्या टायमाले पट्टा झाडत जाय. गारा दे."

मी गारा दिला. ती थापत राहिली. मला रडू येत होतं, पण ती इतक्या साधेपणानं बोलली होती की रडायलाही लाज वाटली. मग मायला जे विचारता आलं नव्हतं ते मी तिला विचारलं.

"माय म्हनते, वारा देवानं फिरवला. मंग तुह्या घराकडं बी त्यानंच फिरवला न? तुले राग नाही आला त्याचा?"

आता कुठं तिचे हात थांबले. ती वळली. कपाळावर मातीचा ओघळ होता, तो तिनं मनगटानं पुसला.

"आला न. लय आला. राखेतून काढलं त्याले. पितळेचा आहे, निस्ता काळा झालता. पदराले बांधून ठेवला अन् तीन दिस एक शब्द बोलली नाही त्याच्याशी. ना आंघोळ घातली, ना फूल वाह्यलं. म्हटलं, राह्य तसाच."

"मंग?"

"मंग का? चवथ्या दिशी सकाळी उठली, घासला त्याले, अन् बोलली." तिनं माझ्याकडे पाहिलं, मला एवढंही कसं कळत नाही अशा नजरेनं. "घरात दुसरं कोन आहे व माह्याशी बोलाले?"

घर अजून नव्हतंच. चार बाजूंना कामट्यांचा सांगाडा होता, छप्पर नव्हतं, आणि वारा त्याच्यातून आरपार जात होता. तिनं हात पुढं केला. मी त्यावर गाऱ्याचा गोळा ठेवला आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.